पोर्सेलिनच्या मूर्तीवरचं सोनं जांभळं पडतंय, पुसलं जातंय? दुसरा हात देण्याआधी हे तपासा

गेली चौदा वर्षं मी पोर्सेलिनच्या लहान मूर्ती रंगवते, आणि जवळपास तितकीच वर्षं इतरांच्या बिघडलेल्या मूर्ती माझ्या टेबलावर येतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रंग नीट बसलेले असतात, चेहरा छान उतरलेला असतो, आणि शेवटच्या भाजणीत मुकुट जांभळा पडतो किंवा कंबरपट्टा बोटाने पुसला जातो. मग घाईघाईने त्यावर सोन्याचा दुसरा हात दिला जातो, मूर्ती पुन्हा भट्टीत जाते, आणि या खेपेला सोनं फुगून खपली धरतं. पहिला बिघाड दुरुस्त होण्यासारखा होता. दुसरा बऱ्याचदा नसतो. म्हणून आधीच सांगते: सोनं का बिघडलं हे कळल्याशिवाय त्यावर दुसरा हात देऊ नका. ते मूर्तीवर नेमकं कुठे बिघडलंय हे नीट पाहिलं, तर का बिघडलं ते जवळजवळ नेहमी कळतं.

मी बोलतेय ते लिक्विड ब्राइट गोल्डबद्दल. बाटलीत काळपट तपकिरी दिसणारा आणि भाजल्यावर थेट चकाकत बाहेर येणारा हा द्रव. त्यात सोनं साधारण ८ ते १२ टक्के. बाकी रेझिन, तेलं, आणि सोन्याचा थर एकसंध ठेवायला व ग्लेझला (पोर्सेलिनवरच्या काचेसारख्या चकचकीत थराला) धरून ठेवायला रोडियम, बिस्मथ असे धातू अगदी चिमूटभर. भट्टीत तेल-रेझिन जळून जातं आणि मागे राहतो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका सोन्याचा थर. इतक्या पातळ थराला बिघडायला एक बोटाचा ठसासुद्धा पुरतो.

हा द्रव जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात हाइनरिश गोटलोब क्यून यांनी १८३०च्या सुमारास तयार केला. त्याआधी सोन्याचा वर्ख मधात खलून किंवा सोनं पाऱ्यात मिसळून लावत, मंद आचेवर भाजत, आणि मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासून चमक आणत. घासून चमकवायचं ते सोनं, म्हणजे बर्निश गोल्ड, आजही मिळतं, आणि पुष्कळांचा गोंधळ इथेच होतो. बर्निश गोल्ड भट्टीतून मातकट आणि निस्तेजच बाहेर येतं. ते बिघडलेलं नसतं. ओल्या बारीक वाळूने, काचतंतूच्या ब्रशने किंवा अकीकाने घासलं की ते उजळतं, आणि ब्राइट गोल्डपेक्षा कितीतरी खानदानी दिसतं. तेव्हा बाटलीवरचं नाव आधी वाचा. ते बर्निश गोल्ड असेल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

लक्षणं

तुमच्या मूर्तीवर यांपैकी काय दिसतंय ते ठरवा. एकाहून जास्त असू शकतात.

- मुकुटाची टोकं, वस्त्राच्या चुण्यांचे उंचवटे, दागिन्यांच्या कडा जांभळ्या. खोलगट भागात मात्र सोनं चांगलं.
- सगळीकडेच जांभळट-गुलाबी, आणि खालचं पांढरं ग्लेझ आरपार दिसतंय.
- मधेच एखादा जांभळा डाग, बोटाच्या ठशासारखा किंवा पुसल्याच्या रेघांसारखा.
- चुण्यांच्या खोबणीत फोड, पापुद्रे, काळपट खपल्या.
- रंग सोनेरीच, पण वर धुकं बसल्यासारखी निस्तेज साय.
- दिसायला सुरेख, पण खोडरबराने घासलं की निघून येतं.
- चमक गेलेली, बारीक जाळीदार भेगा, बर्फ पडल्यासारखा खरखरीतपणा.
- सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, कधी त्यांच्याभोवती कडं.
- सोन्याच्या बाहेर, साध्या ग्लेझवरही काळे ठिपके आलेले.

शेवटचं लक्षण दिसलं तर बाकी काही तपासू नका. थेट या लेखाच्या शेवटाकडे जा.

जांभळंच का?

पुढच्या अर्ध्याअधिक तपासण्यांचं मूळ इथे आहे. सोन्याचा थर पुरेसा जाड असेल तर भट्टीत तो अखंड पत्र्यासारखा जमतो आणि पिवळा दिसतो. थर फार पातळ असेल, किंवा खाली तेल, ओल, धूळ असेल, तर तो अखंड न राहता त्याचे अतिसूक्ष्म कण गोळा होतात. सोन्याचे इतके बारीक कण हिरवा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांना ते लाल-जांभळे दिसतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याच्या बारीक कणांच्या या रंगांवर प्रयोग करून दाखवले होते. गंमत म्हणजे पोर्सेलिनवरचा सुंदर गुलाबी रंग नेमका याच गुणावर उभा आहे. सोनं आणि कथील यांपासून होणारा ‘कॅसियसचा जांभळा’ युरोपात १७व्या शतकापासून माहीत आहे, आणि चीनमधल्या १८व्या शतकातल्या गुलाबी छटेच्या भांड्यांमध्येही सोन्याचेच कण आहेत. म्हणजे तुमचा मुकुट जांभळा पडला तेव्हा सोनं कुठे उडून गेलेलं नसतं. ते विखुरलेलं असतं. ते का विखुरलं, एवढंच शोधायचं.

पहिली तपासणी: हे भट्टीतलं आहे की घरातलं?

फुकट तपासणी, आणि तरी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते. मूर्ती भट्टीतून बाहेर आली त्या दिवशीचा फोटो काढून पाहा. तेव्हा सोनं चांगलं होतं आणि आता गेलं असेल, तर भाजणीला दोष देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत पितळेच्या समईबरोबर पोर्सेलिनची मूर्तीसुद्धा भांडी घासायच्या पावडरने किंवा चिंचेने घासलेली मी किती वेळा पाहिली आहे. पितळेला ते सोसतं, कारण तिथे आतपर्यंत पितळ आहे. इथे सोनं म्हणजे नुसता वरचा पापुद्रा. अशा वेळी सोनं उंचवट्यांवरून गेलेलं असतं, पण जांभळं नसतं. खाली स्वच्छ पांढरं ग्लेझ दिसतं. त्या मूर्तीला नव्याने हात देता येतो, आणि घरच्यांना सांगायचं ते इतकंच, की मऊ ओलं कापड फिरवा, बाकी काही नको.

दुसरी: भिंग आणि खोडरबर

एक दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पेन्सिलचं साधं खोडरबर. मूर्तीच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावरच्या सोन्यावर खोडरबर हलक्या हाताने दहा वेळा फिरवा. निघालं, तर सोनं ग्लेझला चिकटलेलंच नाही. तापमान कमी पडलं किंवा मधे काहीतरी होतं. नाही निघालं, पण दिसायला वाईट, तर चिकटणं ठीक आहे आणि दोष थराच्या जाडीत, स्वच्छतेत किंवा हवेत आहे. एवढ्या एका चाचणीने पुढची अर्धी वाट वाचते. भिंगातून जांभळ्या भागाची कड पाहा. कड हळूहळू विरळ होत गेली असेल तर थर पातळ होता. कड एकदम कापल्यासारखी असेल, तर तिथे तेलाचा किंवा ओलीचा डाग होता.

तिसरी: स्वच्छता

ग्लेझ डोळ्याला स्वच्छ दिसतं म्हणून ते स्वच्छ असतं असं नाही. आपण मूर्ती उचलतो ती नेमकी खांद्याला किंवा डोक्याला धरून, आणि सोनं लागायचं असतं तेही तिथेच. केसांना लावलेलं खोबरेल, हाताचं क्रीम, चेहऱ्याला नकळत लागलेलं बोट, सगळं तिथे उतरतं. देवघरात वर्षभर राहिलेली मूर्ती असेल तर तिच्यावर निरांजनाच्या तुपाची आणि उदबत्तीच्या धुराची साय असतेच.

अशी मूर्ती आधी कोमट साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि सोनं लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हात धुवायचं सॅनिटायझर चालत नाही. त्यात त्वचा मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन असतं, आणि तेच ग्लेझवर मागे राहतं. पुसायला कापूस नको, त्याचे तंतू सुटतात. जुनं, पुष्कळ धुतलेलं मलमल उत्तम. पुसल्यानंतर मूर्तीला उघड्या हाताने शिवायचं नाही. मी बुडाखाली चिकणमातीचा गोळा लावून मूर्ती फिरत्या पाटावर बसवते, म्हणजे हात लावायची वेळच येत नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. थंड खोलीतली मूर्ती दमट खोलीत आणली की ग्लेझवर न दिसणारी ओल धरते. जून ते सप्टेंबर मी मूर्ती आणि बाटली दोन्ही आदल्या रात्रीपासून एकाच खोलीत ठेवते, आणि लावण्याआधी मूर्ती थोडी कोमट करून घेते. पांढरे ठिपके मात्र बहुतेक वेळा धुळीचे असतात. पंखा बंद करून काम करा, आणि लावल्यावर मूर्तीवर उलटा खोका झाका.

चौथी: हात किती जाड?

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त मूर्ती इथेच बिघडतात.

बशीच्या कडेला सोन्याची पट्टी ओढणं आणि मूर्तीला सोनं लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. बशी सपाट असते, द्रव आहे तिथे राहतो. मूर्तीवर मुकुटाची टोकं असतात, निऱ्या असतात, बाजूबंदाचे मणी असतात. द्रव उंचवट्यावरून ओघळतो आणि खोबणीत साचतो. म्हणजे एकाच हातात, एकाच बाटलीतून, टोकावरचा थर फार पातळ आणि खोबणीतला फार जाड होतो. भाजल्यावर टोक जांभळं आणि खोबण फुगलेली. लक्षणांच्या यादीतलं पहिलं आणि चौथं तुमच्या मूर्तीवर एकत्र दिसत असेल, तर दुसरं काही शोधत बसू नका. कारण हेच आहे.

योग्य थर ओला असताना दुधाशिवायच्या कडक चहासारखा दिसतो. खालचं ग्लेझ किंचित जाणवतं, पण चमकत नाही. पाण्यासारखा फिकट दिसला तर जांभळं होणार. डांबरासारखा काळा आणि चिकट दिसला तर फोड येणार, कारण जाड थराची वरची साय आधी घट्ट होते, आतलं तेल पेटून वायू होतो आणि साय फोडून बाहेर येतो.

माझी पद्धत अशी. आधी खोबणी अगदी कोरड्या ब्रशने करायच्या, नुसता रंग लागेल इतपत. मग मूर्ती वाकडी धरून उंचवट्यांवर ब्रशचं पोट आडवं ठेवून एकदाच ओढायचं. परत परत त्याच जागी जायचं नाही. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरला की तो थर उचलला जातो आणि मागे जांभळी रेघ राहते. दहा मिनिटांनी भिंगाने खोबणी पाहायच्या, आणि साचलेला थेंब कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचा. टिपायची ही सवय लागली तेव्हापासून माझ्या कामात फोड जवळजवळ थांबले.

बारीक जाळीचा घागरा असलेल्या बाहुल्यांवर हे आणखी अवघड होतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मूर्तींवरची ती जाळी म्हणजे खरीखुरी लेस पातळ मातीच्या घोळात बुडवून बसवलेली असते. भट्टीत धागा जळून जातो आणि मातीची जाळी उरते. तिच्या भोकांत सोनं गेलं तर ते बाहेर काढता येत नाही, आणि दाब दिला तर जाळी मोडते. त्या जाळीवर सोनं लावण्याचा हट्ट नवशिक्यांनी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचवी: बाटली आणि ब्रश

बाटली उघडी राहिली की तेल उडतं आणि द्रव घट्ट होतो. तो पातळ करायला त्याच कंपनीचं गोल्ड इसेन्स वापरा, एका वेळी एक थेंब. घरातलं टर्पेंटाइन घालून पातळ केलेली बाटली माझ्याकडे आली तर मी ती मूर्तीवर वापरत नाही. आधी एका फुटक्या कपावर भाजून पाहते. सोन्याचा ब्रश फक्त सोन्याचाच असावा. त्याच ब्रशने आधी मदर-ऑफ-पर्ल किंवा दुसरं लस्टर (भाजल्यावर मोत्यासारखी किंवा धातूसारखी झळाळी देणारा द्रव) लावलं असेल, तर त्याचा अंश सोन्यात जातो आणि जांभळ्याचं कारण शोधण्यात तुमचा आठवडा जातो. नवा ब्रश फार महाग नाही, सोन्याची छोटी बाटली मात्र काही हजारांची येते.

सहावी: मूर्तीच्या पोटातलं पाणी

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि ती कळायला मला दोन मूर्ती गमवाव्या लागल्या. पोर्सेलिनच्या मूर्ती आतून पोकळ असतात, आणि बुडाला हवा जायला एक लहान भोक असतं. आपण मूर्ती धुतो तेव्हा त्या भोकातून पाणी आत जातं. वरून मूर्ती खडखडीत वाळलेली दिसते, आत मात्र चमचाभर पाणी असतं. भट्टीत त्याची वाफ होते. भोक मोठं असेल तर वाफ बाहेर येऊन सोन्यावर धुकं धरते. भोक लहान असेल किंवा शेल्फवर घट्ट टेकून बंद झालं असेल, तर मूर्ती तडकते.

मूर्ती कानाशी धरून हलवा. आवाज नाही आला म्हणजे पाणी नाही असं समजू नका. धुतल्यानंतर भोक खाली करून जाळीवर दोन-तीन दिवस ठेवा, मग भट्टीत झाकण उघडं ठेवून ९० ते १०० अंशांवर दोन तास. सोनं त्यानंतरच लावायचं. भट्टीत ठेवताना भोक शेल्फला चिकटू देऊ नका. खाली दोन पातळ तुकडे द्या.

सातवी: खाली काय आहे?

सोनं ग्लेझवर लावताय की रंगावर? रंगावर असेल तर तो रंग आधी वेगळा भाजून झालेला हवा. कच्च्या रंगावर सोनं लावलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि मातकट जांभळं काहीतरी तयार होतं. चमकदार ग्लेझच्या जागी बिनग्लेझचं बिस्किट पोर्सेलिन असेल, तर ब्राइट गोल्ड तिथे चकाकणार नाही. ते मंद, तपकिरी दिसेल. तो दोष नव्हे, पृष्ठभागाचा स्वभाव आहे. पोर्सेलिन सजवण्याचा क्रम जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जातो. माइसेनला १७२० साली आलेले योहान ग्रेगोरियस हेरोल्ड यांनी ग्लेझवरच्या रंगांची मोठी पेटी तयार केली, आणि तेव्हापासून हीच शिस्त आहे: आधी मूर्ती आणि ग्लेझ प्रखर आचेवर, मग रंग कमी आचेवर, कधी कधी चार-पाच वेळा, आणि सोनं सगळ्यांत शेवटी.

आठवी: भट्टीचं झाकण

सोन्यावर धुकं आहे, रंग ठीक आहे, खोडरबराने निघत नाही? मग भट्टीला श्वास मिळालेला नाही. तेल आणि रेझिन साधारण ४०० अंशांपर्यंत जळून जातात. त्या वेळात झाकण बंद असेल, तर धूर आतच कोंडतो आणि सोन्यावर बसतो.

झाकणाखाली एक बोटभर जाडीचा भट्टीच्या विटेचा तुकडा ठेवा, वरच्या भोकाचं बूच काढा. ४०० अंशांपर्यंत तासाला १०० अंशांच्या वेगाने जा. वास पूर्ण थांबला की मग झाकण बंद. बूच मी शेवटपर्यंत काढलेलंच ठेवते. हा वास घेऊ नका. भट्टी बाल्कनीत किंवा खिडकीशी ठेवा, त्या वेळात मुलांना आणि पाळीव प्राण्यांना तिथे येऊ देऊ नका. भट्टी गच्च भरणंही टाळा. पाच मूर्तींच्या जागी आठ ठेवल्या तर धूर तेवढा जास्त, आणि हवा तेवढीच.

नववी: तापमान, आणि कोणतं पोर्सेलिन

‘७२० अंशांवर भाजा’ असं एकच उत्तर सगळीकडे सांगितलं जातं. ते अपुरं आहे, आणि सोनं पुसलं जाण्याच्या बहुतेक तक्रारी त्या एका आकड्यातून येतात. सोनं चिकटतं ते खालचं ग्लेझ किंचित मऊ झालं म्हणून. बोन चायनाचं (हाडांची राख घातलेल्या पोर्सेलिनचं) ग्लेझ तुलनेने कमी तापमानाचं असतं, ते लवकर मऊ होतं. युरोपीय पद्धतीच्या कठीण पोर्सेलिनचं ग्लेझ १४०० अंशांच्या आसपास भाजलेलं असतं. ७२० अंशांवर त्याला काही जाणवतसुद्धा नाही. वर सोनं चमकतं, पण ते नुसतं टेकलेलं असतं.

माझ्या भट्टीत बोन चायना ७२० ते ७४०, स्टुडिओत १२२० ते १२८० अंशांना भाजलेलं पोर्सेलिन ७४० ते ७६०, आणि कठीण पोर्सेलिन ७८० ते ८२० अंशांवर नीट बसतं, वर दहा मिनिटं स्थिर ठेवून. तुमच्या बाटलीबरोबरच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर कागदाचं ऐका. आणि मूर्ती कोणत्या जातीची हे माहीत नसेल, तर तिच्या बुडाच्या आत, दिसणार नाही अशा जागी सोन्याचा एक ठिपका लावा, कमी तापमानाला भाजा, खोडरबराने घासा. निघाला तर २० अंश वाढवून पुन्हा. वेळखाऊ आहे, पण मुकुट वाचतो.

उलटी चूकही होते. तापमान जास्त झालं तर सोनं ग्लेझमध्ये बुडतं, चमक जाते, जाळीदार भेगा येतात. कोन, म्हणजे ठरावीक तापमानाला वाकणारे मातीचे छोटे सुळके, वापरणाऱ्यांनी आकड्यातलं शून्य नीट वाचावं. ०१८ म्हणजे साधारण ७२० अंश, ०१६ म्हणजे साधारण ७८०. पण ०१६च्या जागी ०६ वाचलं तर तुम्ही १००० अंशांजवळ जाता, आणि सोन्याच्या जागी फिकट गुलाबी डाग उरतो. कोनच्या आकड्यात पुढे शून्य असेल, तर आकडा वाढत जाईल तसं तापमान कमी होत जातं, हे भिंतीवर लिहून ठेवा.

थंड होताना घाई नको. मूर्तीची बोटं आगपेटीच्या काडीएवढी आणि बैठक दोन बोटं जाड, दोन्ही एकाच वेगाने थंड होत नाहीत. ८० अंशांखाली आल्याशिवाय मी झाकण हलवत नाही.

दहावी: भट्टी खरं बोलतेय का?

कंट्रोलरवरचा आकडा हा थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या काडीच्या, टोकाचा आकडा आहे. तुमच्या मूर्तीचा नव्हे. मूर्तीशेजारी, त्याच उंचीवर एक कोन ठेवा. आकडा ७२० आणि ०१८चा कोन ताठ उभा, तर भट्टी कमी भाजतेय. कोन पूर्ण लोळलेला, तर जास्त. थर्मोकपल वापराने म्हातारा होतो आणि चुकीचं सांगू लागतो. तो सुटा मिळतो आणि भट्टीच्या मानाने स्वस्त असतो.

विजेचा दाबही पाहा. २३० व्होल्टच्या जागी संध्याकाळी २०७ व्होल्ट आले, तर दाब १० टक्क्यांनी कमी झाला असं वाटतं, पण उष्णता जवळजवळ १९ टक्क्यांनी कमी होते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भट्टी रेंगाळते, सोनं वरच्या तापमानात जास्त वेळ राहतं, आणि आकडा बरोबर असूनही चमक जाते. मी त्यामुळे सोनं रात्री उशिरा भाजते. मधेच वीज गेली आणि भट्टी ५००च्या खाली असेल, तर झाकण न उघडता थंड होऊ द्या आणि पहिल्यापासून तशाच वेगाने पुन्हा भाजा. सोन्याला सहसा काही होत नाही.

आता दुसरा हात

कारण सापडलं? ते दूर केलं? मग जांभळ्या भागावर अल्कोहोल फिरवून, वाळवून, योग्य जाडीचा एक हात द्या आणि पहिल्याइतक्याच किंवा किंचित कमी तापमानाला भाजा. जांभळ्याच्या वर सोनं छान बसतं. फोड आणि खपल्यांवर मात्र कधीच नाही. ते आधी सोनं काढायच्या खास रबराने घासून, ग्लेझ सपाट लागेपर्यंत काढायला हवेत. एका मूर्तीला मी दोनदाच हा प्रयत्न करते. तिसऱ्या खेपेला ग्लेझ थकलेलं असतं, आणि आधीचे रंगही बदलू लागतात. विशेषतः सोन्यापासून केलेले गुलाबी रंग जास्त आचेने निळसर होत जातात.

इथे थांबा

भाजलेलं सोनं झटकन काढायला काही जण गंज काढायची द्रावणं वापरतात. त्यांतल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं, आणि सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. घरात ते आणूच नका. रबराने निघत नसेल तर मूर्ती तशीच ठेवा किंवा व्यावसायिक सजावट कारखान्यात द्या.

भट्टीची कॉइल तुटली, रिले चिकटून भट्टी बंदच होईना, पत्र्याला हात लावला की झटका बसतो, प्लग काळा पडला: मुख्य स्विच बंद करा आणि भट्टी दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. ३ किलोवॅटची लहान भट्टीसुद्धा १३ अँपिअर ओढते. ते काम घरच्या फॅन-ट्यूबलाइटच्या माणसाचं नाही.

आणि आता ते काळे ठिपके. सोन्याबाहेर, साध्या ग्लेझवर काळे ठिपके किंवा बारीक फोड आले, तर मूर्ती बहुधा जुनी आहे. वर्षानुवर्षं ग्लेझच्या भेगांतून तिने ओल, धूर, तेल शोषलेलं असतं, आणि पुन्हा भाजल्यावर ते बाहेर उसळतं. ते परत जात नाही. तिला आणखी एकदा भाजलं तर ठिपके वाढतात.

आजीची, पणजीची, परदेशातून आलेली, बुडाला निळा शिक्का असलेली कोणतीही मूर्ती सोनं गेलं म्हणून भट्टीत घालू नका. तिची मान किंवा हात पूर्वी कधी डिंकाने, एपॉक्सीने जोडलेला असू शकतो. जोड रंगाने झाकलेला असतो, डोळ्याला दिसत नाही, आणि भट्टीत तो जळून डोकं खाली येतं. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चखाली पाहिलंत तर जोड बऱ्याचदा वेगळा उजळतो. दिसला किंवा नुसती शंका जरी आली, तर सिरॅमिक्सचं काम करणाऱ्या संवर्धकाकडे जा. तो बहुतेक वेळा न भाजता, परत काढता येईल अशा माध्यमाने सोनं भरतो.

त्याच्याकडे जाताना मूर्ती धुऊ नका, सुटलेले तुकडे चिकटवू नका. प्रत्येक तुकडा वेगळ्या मऊ कागदात गुंडाळा, मूर्ती खोक्यात उभी न ठेवता आडवी ठेवा, आणि तिचे जुने फोटो असतील तर सोबत न्या.